संध्याकाळ भीमगीतांची की डीजेची?

एप्रिल लागला की आंबेडकरी समाजाच्या संध्याकाळी बदलून जातात. ११ एप्रिलला महात्मा जोतीराव फुले यांची जयंती, १४ एप्रिलला विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती आणि पाठोपाठ वैशाखी पौर्णिमा. शहरात १४ तारखेला मिरवणूक निघते. पण खेड्यापाड्यांत जयंती एकाच दिवशी होत नाही. या गावची आज, त्या गावची आठ दिवसांनी, तिसऱ्या गावची थेट मे महिन्यात. त्याचे कारण साधे आहे. गायन पार्ट्या मोजक्या आणि गावे भरपूर. पार्टीची तारीख मिळेल तेव्हा गावची जयंती! त्यामुळे दीड-दोन महिने कुठे ना कुठे रोज गाणे असते. त्याला तिकीट नाही, दारावर कोणी अडवणारा नाही. ज्याने त्याने आपले पोते, आपली सतरंजी आणायची आणि बसायचे.

जगातल्या मोठ्या शहरांत उन्हाळ्याच्या संध्याकाळी बागांमध्ये लोकांसाठी विनामूल्य गाण्याचे कार्यक्रम होतात. फ्रान्सने तर २१ जून १९८२ पासून संगीताचा दिवसच सुरू केला. त्या दिवशी रस्त्यांवर, चौकांत कोणीही गावे आणि कोणीही ऐकावे. त्याला सगळे जग संस्कृती म्हणते. आमच्या वस्तीत तेच घडते तेव्हा त्याला गोंगाट म्हटले जाते! या दुटप्पीपणाबद्दल मला बोलायचे आहेच. पण आज मला त्याहून अवघड प्रश्न विचारायचा आहे, आणि तो आपल्याच माणसांना विचारायचा आहे. ते गाणे आपल्याकडे खरोखर उरले आहे काय?

मी मूळचा घोडेगावचा. अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातले, नगर-छत्रपती संभाजीनगर महामार्गावरचे हे गाव. जनावरांच्या बाजारासाठी आणि कांद्याच्या मार्केटसाठी ते ओळखले जाते. शनिशिंगणापूरला जाणारा रस्ता इथूनच फुटतो. उन्हाळ्यात आमच्या वस्तीतले पुरुष कांद्याच्या गोण्या उचलत, बाया कांदा निवडत. ऊसतोडीला गेलेली कुटुंबेही त्याच सुमारास परत येत. शाळेला सुट्टी लागलेली, हातात थोडेफार पैसे आलेले आणि दिवसा बाहेर बसवत नाही इतके ऊन. म्हणूनच आमची जयंती संध्याकाळची. कष्टकऱ्याला दुसरी वेळ होतीच कुठे?

१९९१ साल मला चांगले आठवते. बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष. आदल्याच वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालेले. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. वस्तीने घरटी वर्गणी काढली. ज्याच्याकडे रोख नव्हती त्याने पार्टीच्या जेवणासाठी ज्वारी दिली. टेम्पोतून पार्टी आली. पेटी, ढोलकी, बेंजो, खंजिरी आणि पाच-सहा माणसे. दोन बैलगाड्या जोडून त्यांवर फळ्या टाकल्या, तो मंच. त्रिसरण-पंचशील झाले आणि गाणे सुरू झाले. मध्येच माईकवर पुकारा होई, अमक्याकडून दहा रुपये, तमक्याच्या आईकडून पाच रुपये. नाव पुकारले की ती म्हातारी पदराने तोंड झाकून हसायची. आयुष्यात तिचे नाव माईकवर दुसऱ्या कोणी घेतले होते?

नऊच्या सुमाराला वीज गेली. कर्णा बंद, अंधार गुडुप. आता लोक उठणार असे वाटले. पण गायक मंचावरून खाली उतरला आणि लोकांच्या मधोमध येऊन उभा राहिला. कोणी कंदील आणला. नुसत्या ढोलकीवर त्याने गाणे पुढे चालू केले. चवदार तळ्याची हकिकत होती. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जावा म्हणून माणसे श्वास रोखून बसली होती. माझ्या शेजारी माझे आबा होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण महाडचा सत्याग्रह कोणत्या साली झाला, तिथे काय घडले, मनुस्मृती कधी जाळली, हे त्यांना तारखेनिशी पाठ होते. पुढे कायद्याच्या वर्गात राज्यघटनेचे कलम १७ शिकताना माझ्या लक्षात आले की हे कलम मी आधीच ऐकलेले आहे. ते कंदिलाच्या उजेडात ऐकले होते.

वाचकहो, हे उघडे आभाळ आपल्याला कसे मिळाले याचा विचार केला आहे काय? आपण हौसेने बाहेर बसलो नाही. आपल्याला आत येऊ दिले नाही, म्हणून आपण बाहेर बसलो. आमच्याच तालुक्यातल्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पण पंढरपूरला चोखोबांची समाधी आजही मंदिराच्या बाहेर, महाद्वाराजवळ आहे. अभंग रचणारा माणूस पायरीच्या बाहेर! देवळाचा मंडप आपला नव्हता, वाड्याची बैठक आपली नव्हती, शहरातले नाट्यगृह परवडणारे नव्हते. उरले ते अंगण, चावडीमागची मोकळी जागा आणि वरचे आभाळ.

आपल्या माणसांचे मोठेपण असे की त्यांनी या बाहेरच्या जागेचीच शाळा केली. सत्यशोधकांनी जलशातून शेठजी-भटजींचे ढोंग गावोगाव उघडे केले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक, केरूबुवा गायकवाड आदी शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा साचा त्यांनी घेतला, पण त्यातला मजकूर बदलला. गौळणीच्या जागी प्रबोधन आले. मेलेले ढोर ओढू नका, दारू सोडा, पोरांना शाळेत घाला, मंदिरप्रवेशाचा लढा काय आहे ते समजून घ्या, हे सगळे हसतखेळत, गाण्यातून आणि संवादातून सांगितले जाई. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, असे खुद्द बाबासाहेब म्हणाल्याचे चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ज्या समाजाला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्याचे वर्तमानपत्र हेच होते.

मुंबईत हेच गाणे चाळींच्या मधल्या मैदानात आले. गिरणीची पाळी सुटायची, कंदील नाहीतर गॅसबत्ती लागायची आणि नायगाव, वरळी, शिवडी, माटुंगा लेबर कॅम्प इथल्या गल्ल्या भरायच्या. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेला एक मुलगा याच मुंबईत आला, मिळेल ते काम केले आणि मोठेपणी अक्षरे शिकला. ते आपले महाकवी वामनदादा कर्डक. १९४३ साली नायगावात त्यांनी बाबासाहेबांना पाहिले आणि पुढे आयुष्यभर, १५ मे २००४ रोजी निधन होईपर्यंत, ते गावोगाव हिंडून गात राहिले. हजारो गीते त्यांनी लिहिली. त्यांतली किती तरी छापली जाण्याआधीच लोकांच्या ओठांवर गेली. विठ्ठल उमप यांनी तर नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच अखेरचा श्वास घेतला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबाराने आपली दहा माणसे मारली. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. गाणे म्हणजे आपल्याकडे करमणुकीपुरती गोष्ट कधीच नव्हती.

हे विनामूल्य गाणे फुकटचेही नव्हते. ऐकणाऱ्याला पैसे पडत नव्हते, पण गाणाऱ्याला पडत होते. एसटीच्या मागच्या बाकावर रात्री काढणे, मिळेल ते खाणे, म्हातारपणी औषधाला पैसे नसणे, ही किंमत आपल्या शाहिरांनी मोजलेली आहे.

समुद्रापलीकडेही अशी माणसे होती. मरियन अँडरसन ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका. तिचा आवाज युरोपभर गाजलेला. पण १९३९ साली वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये तिला गाऊ दिले नाही, कारण तिची कातडी काळी! हॉलला नाव राज्यघटनेचे आणि दारावर वर्णभेद. तेव्हा ९ एप्रिल १९३९ रोजी ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहून उघड्यावर गायली. तिकीट नव्हते. सुमारे ७५ हजार गोरी-काळी माणसे शेजारी शेजारी उभी राहून ऐकत होती आणि रेडिओवरून लाखो. ज्यांनी छत नाकारले त्यांच्या हॉलमध्ये इतकी माणसे मावली तरी असती काय?

तीस वर्षांनी, १९६९ च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत सहा रविवार उद्यानात विनामूल्य गाणे झाले. नीना सिमोन, महेलिया जॅक्सन, स्टीव्ही वंडर यांच्यासारखे कलावंत तिथे गायले. सुमारे तीन लाख लोकांनी ते ऐकले. त्यातल्या एका कार्यक्रमाचा बंदोबस्त ब्लॅक पँथरच्या कार्यकर्त्यांनी केल्याची नोंद आहे. ज्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये आपली दलित पँथर उभी राहिली तेच हे ब्लॅक पँथर. या कार्यक्रमांचे चित्रीकरण झाले होते. पण ते कोणी विकत घेईना. रिळे जवळजवळ पन्नास वर्षे तशीच पडून राहिली. २०२१ साली त्यांतून 'समर ऑफ सोल' हा माहितीपट झाला आणि पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळाले. त्याच उन्हाळ्यातला वुडस्टॉकचा मेळावा मात्र जगाला पहिल्या दिवसापासून पाठ आहे. कोणाचे गाणे इतिहासात जाते आणि कोणाचे तळघरात, हे जात आणि वर्ण ठरवतात. आपल्या किती गायन पार्ट्यांची एक तरी ध्वनिफीत कोणी जपली आहे?

आता आपल्या दारात परत येऊ. गेल्या काही वर्षांत जयंतीच्या वर्गणीचा मोठा वाटा डीजेकडे जाऊ लागला आहे. ट्रकवर खोक्यांची भिंत उभी राहते, वर लेझरचे दिवे. गाणे आपलेच असते, बाबासाहेबांचे नावही असते. पण शब्द ऐकू येत नाही, नुसता छातीवर धक्का बसतो. माझा एक भाचा नववीत आहे. मागच्या जयंतीला तो मिरवणुकीत तीन तास नाचला. घरी आल्यावर मी त्याला विचारले, "त्या गाण्यात काय सांगितलंय रे?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "मामा, म्युझिक भारी होतं." मी त्याला दोष दिला नाही. त्याच्यासमोर अर्थ ठेवला होता कोणी? माझे आबा अक्षरशत्रू असून चवदार तळे सांगत होते. हा पोरगा इंग्रजी शाळेत शिकतो आणि त्याच्या हाती फक्त ठेका आला.

त्या धक्क्याने म्हातारी माणसे दार लावून घरात बसली. बाया आधीच मागे, आता तर मिरवणुकीच्या बाहेरच. गायन पार्टीला पुढच्या रांगेत बाया आणि पोरे असत. ज्या समाजाच्या बायांनी जात्यावरच्या ओव्यांत बाबासाहेबांना आपल्या घरचा माणूस मानून गायले, त्याच बाया आपल्या जयंतीत प्रेक्षकसुद्धा उरू नयेत काय? आणि ज्या काळात कडूबाई खरात यांच्यासारखी बाई एकतारी घेऊन दारोदार गाते आणि तिचा आवाज मोबाईलवरून लाखो लोकांपर्यंत पोहोचतो, त्या काळात आमची मंडळे म्हणतात, जिवंत गाणे आता कोण ऐकतो!

तरुण कार्यकर्त्यांची बाजूही मी ऐकली आहे. ते म्हणतात, "वकीलसाहेब, त्यांच्या मिरवणुकीत डीजे चालतो, मग आमच्याच जयंतीला तुम्ही कायदा का सांगता?" हा प्रश्न खोटा नाही. इतरांच्या कार्यक्रमात मध्यरात्र उलटते तरी कोणी फिरकत नाही आणि आमच्या मंडपात दहाला पाच कमी असताना गाडी येऊन उभी राहते, हे मी स्वतः अनुभवले आहे. गावाच्या मुख्य चौकात परवानगी मागितली की 'तुमच्या वस्तीतच करा' असा सल्ला मिळतो. चौक कोणाच्या बापाचा आहे? १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडून सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या करून घेतल्या. तो ठराव कागदावर राहू नये म्हणून बाबासाहेब २० मार्च १९२७ रोजी महाडला पाण्यात उतरले. मग पाणी मिळाले आणि चौक राहिला, असे कसे चालेल?

आणि हे गाणे अजूनही कोणाला तरी सलते, याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. १६ मे २०१५ रोजी शिर्डीत लग्नासाठी आलेल्या एका दलित तरुणाचा मोबाईल वाजला. नर्सिंगचे शिक्षण घेणारा तो पोरगा. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती. फिर्यादीप्रमाणे तेवढ्यावरून वाद घालून त्याला उचलून नेले आणि हाल हाल करून ठार मारले. त्याचे नाव चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. मोबाईलच्या त्या इवल्याशा आवाजाने ज्यांचे माथे फिरले त्यांना भीती डेसिबलची नव्हती, शब्दांची होती. आणि आपण काय केले? खोक्यांची भिंत उभी करून तेच शब्द आपल्याच हातांनी बुडवले.

म्हणून एक वकील या नात्याने कायदा काय आहे ते सांगतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो वाजवता येत नाही. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते. आपल्या जिल्ह्याच्या यादीत १४ एप्रिल आहे की नाही ते मंडळांनी आधीच तपासावे. नसेल तर निवेदन द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात ठरवले की सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज फार तर ७५ डेसिबल असावा, आणि ऐकायचे नसणाऱ्याच्या कानावर आवाज लादण्याचा हक्क कोणालाही नाही. डीजेची भिंत या मर्यादेत बसत नाही. पेटी-ढोलकी आणि दोन साध्या स्पीकरची गायन पार्टी मात्र सहज बसू शकते! म्हणजे ज्या कार्यक्रमात शब्द ऐकू येतात त्यालाच कायद्याचेही बळ आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार आपल्याला सामाजिक किंवा सांस्कृतिक मिरवणूक काढण्यापासून अडवणे हा गुन्हा आहे. आपल्याला आदरणीय असलेल्या दिवंगत महापुरुषाचा शब्दाने वा अन्य रीतीने अनादर करणे हाही गुन्हा आहे. पण जो स्वतः नियम पाळतो त्याचाच अर्ज न्यायालयात ताठ उभा राहतो. परवानगीचा अर्ज वेळेत द्या, पोच घ्या, नकार आला तर लेखी मागा. तोंडी नकारावर न्यायालयात भांडणे फार अवघड होते, हे मी अनुभवाने सांगतो.

मग करायचे काय? डीजे बंद करा असा नुसता फतवा काढून पोरे ऐकणार नाहीत. त्यांना त्याहून चांगले काही दिले पाहिजे. जयंतीतली किमान एक संध्याकाळ जिवंत गाण्याची ठेवा. सातला सुरू, दहाच्या आत समाप्त. जागा वस्तीच्या कोपऱ्यातली नको, गावाच्या मध्यावरची मागा आणि सगळ्या गावाला निमंत्रण द्या. पुढच्या रांगा बायांना आणि पोरांना. पार्टीच्या आधी अर्धा तास गावातल्याच मुलामुलींना गाऊ द्या. त्यांच्यात एखादा वामनदादा निघेल. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करा आणि जपून ठेवा. कलावंताचे मानधन आधी ठरवा, लिहून ठेवा, आणि मंचावरून उतरण्याआधी त्याच्या हातात द्या. पहाटेपर्यंत तिष्ठत ठेवून 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारी मंडळेही आपलीच आहेत! राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना आहे. २०२४ मध्ये ते मानधन सर्व श्रेणींसाठी दरमहा ५,००० रुपये झाले. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या शाहिरांचे अर्ज कोणी भरून देतो काय? शिकलेल्या पोरांनी आणि आमच्यासारख्या वकिलांनी हे काम फी न घेता केले पाहिजे.

घोडेगावात मागच्या वर्षी जयंतीच्या बैठकीत मी हा विषय मांडला होता. एक रात्र गायन पार्टीची ठेवा, डीजेचे पैसे त्याला वळवा, एवढेच म्हणणे. हात वर करून मत घेतले. मी हरलो, आणि मोठ्या फरकाने हरलो. बैठक संपल्यावर माझ्या आबांच्या वयाचे एक गृहस्थ जवळ आले. ऐन उमेदीत ते पार्टीत खंजिरी वाजवत. म्हणाले, "वकीलसाहेब, खंजिरी अजून घरात आहे. कातडं तेवढं बदलावं लागंल."

या वर्षीच्या बैठकीला मी पुन्हा तोच ठराव घेऊन जाणार आहे. या वेळी भाच्यालाही बरोबर नेणार आहे. त्याने वर्गातली चार पोरे तयार केली आहेत. ती आता त्या गृहस्थांकडे ठेका शिकायला जाऊ लागली आहेत. ठराव मंजूर होईल की नाही ते सांगता येत नाही. पण नामंजूर झाला तरी वस्तीतल्या लिंबाखाली एक सतरंजी टाकून, संध्याकाळी सात वाजता, आम्ही बसणार आहोत. तुमच्या गावातही एक सतरंजी निघेल ना?

जयभीम!